तैवानच्या पत्रकार-मंत्र्यावर वाचनालयात तासभर कसं बोलावं

दादरला आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा घरचंच कुणीतरी एका परदेशी व्यक्तीच्या कारकिर्दीवर तासभर बोलतं. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी शाळेत शिकवणारं, कुणी माझ्यासारखं सायंदैनिकाच्या डेस्कवर उमेदीची वर्षं घालवलेलं. मानधन म्हणजे चहा आणि बटाटेवडा. पण नव्या वक्त्याचं भाषण हमखास एकाच साच्यातून निघतं: अमुक साली जन्म, तमुक साली पदवी, मग पद, मग वरचं पद, मग सत्कार, धन्यवाद. विसाव्या मिनिटाला मंडळी मोबाइल काढतात. मी त्यांना दोष देत नाही.

नव्यांची तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडे असतं आणि नमुना म्हणून मी ली युंग-ते यांना घेते. तैवानचे, हक्का समाजातले, म्हणजे स्वतःची वेगळी बोली असलेल्या एका चिनी वंशाच्या समाजातले. आधी बातमीदार, मग सार्वजनिक टीव्हीचे प्रमुख, मग हक्का समाजाच्या खात्याचे मंत्री, मग एका मोठ्या शहराचे उपमहापौर, पुन्हा त्याच खात्याचे मंत्री आणि शेवटी संस्कृतिमंत्री. ओळीने वाचलं तर जांभई येते. उलगडत गेलं तर तास अपुरा पडतो. उलगडायचं कसं ते सांगते. व्यक्ती तुम्ही दुसरी घेतलीत तरी माझी हरकत नाही.

प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: इथे यांच्या हातात नेमकं काय होतं? पदाचं नाव काय होतं हे नंतर. बातमीदाराच्या हातात बातमी असते, टीव्हीच्या प्रमुखाच्या हातात प्रसारणाची वेळ, मंत्र्याच्या हातात पैसा आणि कायद्याचा मसुदा. एकाच माणसाच्या हातातलं साधन बदलत गेलं की तो काय करतो आणि काय करू शकत नाही, ते पाहायला माणसं तासभर बसतात.

आधी एका कागदावर दोन रकाने

फुलस्केप कागद आडवा धरा आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे व्यक्ती, उजवीकडे देश. डावा रकाना कुणीही भरतो. वक्ता उघडा पडतो तो उजव्यात.

लींच्या उजव्या रकान्यात एवढं तरी हवंच. तैवानमध्ये मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला मे १९४९मध्ये आणि उठला १५ जुलै १९८७ला, म्हणजे अडतीस वर्षांनी. त्या काळात नवीन दैनिक काढायला परवानगीच मिळत नव्हती. देशात एकूण ३१ दैनिकं, त्यांची पानंसुद्धा ठरवून दिलेली, शेवटी शेवटी १२. ही बंदी उठली १ जानेवारी १९८८ला. शाळेत आणि सरकारात फक्त मँडरिन. घरची भाषा वर्गात बोललेल्या मुलांना शिक्षा व्हायची, गळ्यात पाटी अडकवली जायची. १९७६च्या प्रसारण कायद्यात तर असं कलमच होतं, की रेडिओ-टीव्हीवरच्या स्थानिक बोली वर्षागणिक कमी करत न्यायच्या. ते निघालं १९९३मध्ये. आणि २८ डिसेंबर १९८८ला तैपेईच्या रस्त्यावर हजारो हक्का माणसं ‘आमची मायबोली परत द्या’ म्हणत उतरली. तैवानचे राष्ट्रपिता सुन यत-सेन स्वतः हक्का मानले जातात. त्यांच्या प्रतिमेच्या तोंडाला मोर्चेकऱ्यांनी मास्क बांधला होता. हे चित्र श्रोत्यांना सांगाच, लांबण न लावता.

हा मोर्चा उजव्या रकान्यात लिहायचा. आपल्या नायकाला उचलून मोर्चाच्या पहिल्या रांगेत उभं करायची खुमखुमी भल्याभल्यांना येते. मोर्चा काळाचा आहे, त्यावर नायकाची मालकी नाही. पुढे त्याच मागण्या मंत्र्याच्या टेबलावर कशा आल्या ते दाखवलंत की पुरे.

सनांचं एक तंत्र आत्ताच शिकून ठेवा. तैवानच्या सरकारी कागदांवर वर्षं प्रजासत्ताकाच्या स्थापनेपासून मोजतात. कागदावर ७६ दिसलं तर त्यात १९११ मिळवायचे: १९८७. आपण पंचांगात शके बघून ७८ मिळवतो, तितकंच सोपं. पण यंत्रानुवाद कधी आकडा तसाच ठेवतो, कधी बदलतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाची तारीख दोन ठिकाणी ताडून पाहायची: तैवानच्या मध्यवर्ती वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी आणि त्या खात्याचं स्वतःचं संकेतस्थळ. दोन्हीकडे जुळली तर कागदावर, नाहीतर कागदाबाहेर. डेस्कवर आम्ही हेच करायचो, फक्त तेव्हा फोन फिरवावा लागायचा.

नूडल्सचा विषय पाच मिनिटांत मिटवा

मुंबईत ‘हक्का’ म्हटलं की अर्धं सभागृह शेजवान चटणीचा वास घेऊ लागतं. टाळू नका. उलट त्यानेच सुरुवात करा आणि लगेच पुढे व्हा. कोलकात्यात टांगऱ्याला चामड्याचे कारखाने चालवणारे चिनी लोक बहुतांश हक्का होते. त्यांच्या स्वयंपाकघरांतून हे नाव देशभर पसरलं आणि आपल्या नाक्यावरच्या गाडीवर येऊन थांबलं.

कुणीतरी माहीतगार लगेच म्हणेल, ‘अहो, माझगावला चिनी देऊळ आहे ना, डॉकयार्ड रोडजवळ.’ आहे. नवाब टँक रोडवर, जुन्या लाकडी जिन्याचं, लाल रंगाचं. पण ते सी यूप लोकांचं, म्हणजे ग्वांगदोंगमधल्या चार तालुक्यांतून आलेल्यांचं. त्यांची बोली कँटनीजच्या कुळातली, हक्का वेगळी. एवढं शांतपणे सांगितलं की सभागृहाला कळतं, वक्ता घरून वाचून आलाय.

मग मैनोंग. लींचा जन्म १९५५चा, दक्षिण तैवानमधल्या या गावचा. गावाची ओळख म्हणजे कागदी तेलछत्र्या, तंबाखूची शेती आणि तांदळाच्या पिठाच्या रुंद चपट्या शेवया. तुमच्या नूडल्सचा खरा नातेवाईक तिथे भेटतो. एक नकाशा दाखवा आणि पुढे चला.

खरा ऐवज: सप्टेंबर १९८७

इथे वीस मिनिटं द्या. घाई करू नका.

मार्शल लॉ उठून दोन महिने झालेत. तैवान आणि चीन यांच्यात १९४९पासून ना टपाल, ना फोन, ना प्रवास. सरकारचं धोरण तीन नकारांचं: संपर्क नाही, वाटाघाटी नाहीत, तडजोड नाही. १९४९मध्ये चीनमधल्या यादवीत हरलेल्या सैन्याबरोबर तैवानला आलेले तरुण आता साठी-सत्तरीचे म्हातारे झालेत. आई जिवंत आहे की गेली, हेही त्यांना माहीत नाही. आणि अशा वेळी ‘इंडिपेन्डन्स इव्हिनिंग पोस्ट’ नावाचं एक सायंदैनिक ठरवतं, की आपले बातमीदार चीनला पाठवायचे. गेले दोघं: ली युंग-ते आणि श्यू लू. टोकियोला उतरले, तिथून विमान बदललं आणि १४ सप्टेंबर १९८७ला बीजिंगमध्ये पोचले. चार दशकांत उघडपणे चीनमध्ये वार्तांकनाला गेलेले तैवानचे हे पहिले पत्रकार.

श्यू लू हे नाव गाळू नका. आपल्याकडे अशा गोष्टी सांगताना ‘ली आणि त्यांच्या सहकारी’ एवढ्यावर बाईंची बोळवण होते. दोघांनी सारखीच जोखीम घेतली होती. पुढे त्या स्वतः एका टीव्ही वाहिनीच्या सर्वोच्च पदावर गेल्या.

सायंदैनिक या शब्दावर जरा रेंगाळा, कारण मुंबईतल्या तिशीच्या आतल्या श्रोत्यांना ते माहीतच नाही. आमचं पान दुपारी सुटायचं आणि पाचच्या सुमारास चर्चगेट-सीएसटीला गठ्ठे पडलेले असायचे. सकाळच्या पेपरांनी फडशा पाडलेली बातमी आम्हाला शिळी. त्यांच्याकडे नसलेलं काहीतरी हवं, आणि तेही लोकलला लटकून वाचता येईल असं. पान छोटं, पगार छोटे, पण नाक मोठं. मोठ्या पेपराचा मालक सरकारला विचारून पाऊल टाकतो. छोटा पेपर पाऊल टाकून मग बघतो. तैवानमधल्या त्या काळातल्या मोठ्या दैनिकांचे मालक सत्ताधारी पक्षाच्या वरच्या वर्तुळात बसलेले होते. म्हणूनच चीनला जायची हिंमत एका सायंदैनिकाने केली यात मला तरी नवल वाटत नाही.

दोघं दोनेक आठवड्यांनी परतले. सरकार चिडलं. देश सोडताना कागदावर लिहिलं होतं जपान आणि गेले चीनला, म्हणून खोटा दस्तऐवज केल्याचा खटला गुदरला. कोर्टाने दोघांना निर्दोष सोडलं. आणि त्या मधल्या काळात काय झालं होतं? २ नोव्हेंबर १९८७पासून सरकारनेच लोकांना नातेवाइकांच्या भेटीसाठी चीनला जायची मुभा दिली होती. रेडक्रॉसच्या दारात नावनोंदणीला म्हाताऱ्या सैनिकांच्या रांगा लागल्या.

इथे वक्ता हमखास म्हणतो, ‘आणि त्यांच्या बातमीमुळे सरहद्द उघडली!’ म्हणू नका. धोरण बदलण्याच्या हालचाली वरच्या पातळीवर आधीच सुरू होत्या आणि म्हाताऱ्या सैनिकांनी स्वतः आंदोलनं केली होती. बातमीदारांनी काय केलं, तर जे होणारच नाही असं लोकांना वाटत होतं ते होतं हे दाखवलं. हातात बातमी होती. तिचा उपयोग तेवढा झाला आणि तो कमी नाही.

‘म्हणजे आपले अत्रेच की!’ हा उद्गार पहिल्या रांगेतल्या आजोबांकडून येतो, दर वेळी. येऊ द्या. आचार्य अत्रे, ‘मराठा’, संयुक्त महाराष्ट्र, हे दादरमध्ये येणारच. फक्त एक फरक दाखवा. अत्र्यांनी १९५६मध्ये ‘मराठा’ काढला तो चळवळीसाठी, स्वतःच्या हिमतीवर. पेपर त्यांचा होता. ली पगारी बातमीदार होते आणि मालकाचा शिक्का दुसऱ्याच्या हातात होता. बातमीदार चळवळीत उडी घेतो तेव्हा आणि बातमीदार सरकारात जातो तेव्हा, या दोन वेगळ्या वाटा आहेत. आपल्याकडे पहिलीचं कौतुक, दुसरीवर संशय. मला विचाराल तर संशय निरोगी आहे, पण तो आधीच ठरवून ठेवलेला नसावा. माणूस खुर्चीत बसल्यावर त्याने काय केलं ते पाहून घ्यावा.

तो सायंदैनिक पेपर २००१मध्ये बंद पडला. एवढं वाक्य बोलून क्षणभर थांबा. आमच्यातले दोघं-तिघं तेवढ्यात चष्मा पुसतात.

टीव्ही: इथे हातात काय होतं?

तैवानचं सार्वजनिक टीव्ही १ जुलै १९९८ला सुरू झालं. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत ली तिथे महाव्यवस्थापक होते. मुंबईकरांना हे समजावताना दूरदर्शनशी तुलना करायचा मोह होईल, आणि २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालेलं मुंबई केंद्र, वरळीचा मनोरा वगैरे आठवणी निघतील. जरा सांभाळून. तैवानचं जुनं टीव्ही सरकार, पक्ष आणि लष्कर यांच्या मुठीत होतं. सार्वजनिक टीव्ही हा मुद्दाम त्यांच्यापासून लांब ठेवलेला, कायद्याने स्थापलेला वेगळा न्यास. पैसा सरकारचा, पण कार्यक्रम ठरवणार न्यासाचं मंडळ.

आता दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवा. हक्का भाषेची स्वतंत्र वाहिनी सुरू झाली १ जुलै २००३ला. ती सरकारी खात्याची होती आणि चालवायचं काम कंत्राटाने दिलं जायचं. २००७च्या सुरुवातीला ती सार्वजनिक प्रसारण समूहात आली. त्या वेळी हक्का खात्याचे मंत्री कोण? २००५ ते २००८, ली युंग-ते. जी संस्था त्यांनी आधी आतून चालवली होती, तिच्याच छपराखाली त्यांच्या समाजाची वाहिनी गेली. हे एकट्याच्या मर्जीने झालं नाही, त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला होता. पण कारकीर्द कशी वाचायची ते या दोन तारखांमधून श्रोत्याला दिसतं. कंत्राटाची वाहिनी दर खेपेला निविदेच्या दयेवर असते. सार्वजनिक संस्थेतल्या वाहिनीला कायमचे कर्मचारी मिळतात, वृत्तविभाग मिळतो. आपल्या सह्याद्री वाहिनीवर मालवणी बातम्यांचा रोजचा अर्धा तास असता तर सावंतवाडीच्या एखाद्या पोरीला मालवणीत बोलून पगार मिळाला असता. मुद्दा एवढाच आहे, आणि तो असाच सांगा.

पदांची नावं मराठीत आणताना

मंत्री म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मतदारसंघ, कटआउट, गाड्यांचा ताफा. तैवानमध्ये मंत्री खासदार नसतो. त्यांच्या राज्यघटनेप्रमाणे खासदाराला सरकारी पद घेताच येत नाही. घ्यायचं तर खासदारकी सोडावी लागते. मंत्री नेमले जातात. म्हणून ली निवडणुका न लढवताही मंत्रिमंडळात कसे, हा प्रश्न येण्याआधीच उत्तर देऊन टाका.

उपमहापौर हे पद तर हमखास घोटाळा करतं. आपल्याकडे महापौर नगरसेवकांनी निवडलेला, मान मोठा, पण महापालिका चालवतो आयुक्त. काओशुंगमध्ये महापौर थेट लोकांनी निवडलेला आणि शहराचा खरा कारभारी. उपमहापौर त्याने किंवा तिने नेमलेले. ली तिथे महापौर चेन चू यांच्या काळात उपमहापौर होते. २०१०च्या डिसेंबरात काओशुंग शहर आणि जिल्हा एक झाले आणि लींचं जन्मगाव मैनोंग महापालिकेत आलं. आपल्या भाषेत, गावच वॉर्ड झालं.

बाकी या टप्प्यावर फार थांबू नका. ड्रेनेज, बंदर, वाहतूक; शहर तिथलं काय नि इथलं काय.

कायद्याचं काम: कंटाळवाणं वाटेल, पण हेच मुख्य

हक्का परिषद नावाचं केंद्रीय खातं २००१मध्ये निघालं, तेरा वर्षांपूर्वीच्या त्या मोर्चाचं उशिरा आलेलं फळ. २०१०मध्ये हक्का मूलभूत कायदा झाला. ली २०१६ला पुन्हा या खात्यावर आले आणि २०१७च्या डिसेंबरात कायद्यात मोठी दुरुस्ती झाली: हक्का ही देशाच्या राष्ट्रीय भाषांपैकी एक झाली. ज्या गावात किंवा तालुक्यात हक्का लोक एक तृतीयांश आहेत तिथे ती व्यवहाराच्या भाषांपैकी एक आणि जिथे निम्म्याहून जास्त आहेत तिथे मुख्य व्यवहारभाषा. त्याच वर्षी हक्का भाषेचं देशव्यापी रेडिओ केंद्रही सुरू झालं. पुढच्या वर्षी सगळ्या स्थानिक भाषांसाठीचा राष्ट्रीय भाषा विकास कायदा आला.

फळ्यावर फक्त दोन आकडे लिहा: १/३ आणि १/२. पुढची दहा मिनिटं श्रोते त्यांच्याकडे बघतात. आकड्यामुळे भाषेचा हक्क भावनेतून बाहेर येतो आणि ग्रामपंचायतीच्या पाटीवर जातो.

तुलना मराठीशी करू नका. मराठीला राज्य आहे, १९६४चा राजभाषा अधिनियम आहे, मंत्रालय आहे. हक्काला यातलं काही नव्हतं. जवळची तुलना सिंधीची: १९६७मध्ये आठव्या अनुसूचीत आली, पण राज्य नाही. उल्हासनगरचं कुणी श्रोत्यांत असेल तर त्यांना बोलतं करा. नाहीतर वसईची कादोडी घ्या, वांद्र्याच्या आणि गोराईच्या गावठाणांतली ईस्ट इंडियन बोली घ्या. आमच्याकडे एकदा वसईहून आलेल्या एका मावशींनी कादोडीत दोन वाक्यं म्हटली आणि माझ्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा ती जास्त लागू पडली.

आणि यश झालं म्हणून टाळ्या घेऊ नका. त्याच खात्याच्या पाहणीत २०२१ला हक्का लोकसंख्या साधारण ४६ लाख ७० हजार, देशाच्या १९.८ टक्के निघाली. पण त्यांच्यापैकी हक्का बोलता येणाऱ्यांचं प्रमाण २०१६मध्ये निम्म्याच्या जरा खाली होतं, ते पाच वर्षांत चाळीस टक्क्यांच्याही खाली आलं. वाहिनी आहे, रेडिओ आहे, कायदा आहे, आणि स्वयंपाकघरात आई मुलाशी मँडरिन बोलते आहे. मंत्र्याच्या हातात पैसा आणि कायदा असतो. जेवणाचं टेबल नसतं. अंधेरीत राहणाऱ्या आपल्या नातवंडांचा विचार श्रोते आपोआप करतात. तुम्ही बोलून दाखवू नका, आगाऊपणा वाटतो.

सपातांचा प्रसंग

मधल्या विश्रांतीनंतर हा सांगा, सगळे जागे होतात.

मार्च २०१७, रविवार. तैपेईच्या बसस्थानकाजवळ साध्या कपड्यांत, पायात सपाता घातलेला साठी उलटलेला एक माणूस दुकानात काहीतरी घ्यायला निघालाय. पोलीस अडवतात आणि ओळखपत्र मागतात. माणूस विचारतो, कशासाठी? मी काय केलंय? नकार, वाद. हा माणूस म्हणजे मंत्री ली. नंतर त्यांनी फेसबुकवर लिहिलं आणि तैपेई पोलिसी राज्य झालं का, असा सवाल केला. दोन दिवस सगळा देश भांडला. काहीजण म्हणाले, बरोबर आहे, विनाकारण कुणाचीही झडती का? काहीजण म्हणाले, मंत्री म्हणून तोरा दाखवतोय, पोलीस बिचारे ड्युटी करत होते. शहराच्या महापौरांनी पोलिसांची बाजू घेतली.

मी श्रोत्यांना हात वर करायला सांगते: चूक कुणाची? दादरमध्ये मत नेहमी विभागतं. तरुण लींच्या बाजूने, निवृत्त सरकारी अधिकारी पोलिसांच्या. ‘ओळखलं नाहीस का मी कोण?’ हे वाक्य आपण मुंबईत इतक्यांदा ऐकलंय, की मंत्री न ओळखला गेल्यावर कायद्याचं कारण विचारतो हेच अनेकांना खोटं वाटतं. मला त्यात जुना बातमीदार दिसतो. कागद दाखव म्हटल्यावर ‘कोणत्या कलमाखाली?’ असं विचारायची सवय डेस्कवरून उठलं तरी जात नाही. पण हे माझं मत, तुम्ही तुमचं सांगा.

संस्कृतिमंत्री: दहा मिनिटं खूप झाली

२०२०च्या मेमध्ये, ऐन कोरोनात, संस्कृती खातं हाती आलं. नाटकं बंद, कलादालनं बंद. सरकारने कलेवर खर्च करायला ६०० तैवानी डॉलरची कूपनं काढली, साधारण वीस लाख लोकांसाठी. नाटकाचं तिकीट काढा, पुस्तक घ्या. शिवाजी मंदिरच्या बंद दाराशी उभं राहिलेल्या श्रोत्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. इथे टीकाही सांगा: कूपन लोकांच्या हातात जातं म्हणजे आधीच चालणाऱ्या गोष्टींकडे जातं, प्रायोगिकवाल्याच्या वाट्याला थोडंच. जानेवारी २०२३मध्ये मंत्रिमंडळ बदललं आणि लींचं मंत्रिपद संपलं.

त्या संध्याकाळची तयारी

तैवानी नावात आडनाव आधी येतं. ‘युंग-ते साहेब’ म्हणू नका, ‘ली’ म्हणा. प्रास्ताविक करणाऱ्यालाही आधी सांगून ठेवा, नाहीतर तो ‘श्रीयुत ते’ म्हणून मोकळा होईल. नावं मोठ्या अक्षरांत लिहून पाटीवर लावा. आणि हक्का बोली दोन मिनिटं ऐकवा. रेडिओ केंद्राचं प्रसारण इंटरनेटवर मिळतं. बातम्या निवडा, गाणं नको. गाणं कुठल्याही भाषेतलं गोडच लागतं. वाचनालयाचा स्पीकर भरवशाचा नसतो, तेव्हा फोनला जोडायची वायर स्वतःची न्या.

पंधरा मिनिटं प्रश्नांसाठी राखा. पहिला प्रश्न लिहून देते: ‘तैवान म्हणजे चीनच ना?’ पवित्रा घेऊ नका, वस्तुस्थिती सांगा. तैवानचं स्वतःचं निवडून आलेलं सरकार आहे, चीन त्यावर दावा सांगतो, भारताचे तैवानशी औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत, पण दिल्ली आणि चेन्नईनंतर ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईतही त्यांचं आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र उघडलं आणि चीनने त्यावर हरकत घेतली. एवढं बोलून पुढचा हात बघा. नाहीतर उरलेला सगळा वेळ क्षेपणास्त्रांवर जातो आणि ली बिचारे बाजूला राहतात.

दुसरा प्रश्न असतो, ‘पत्रकाराने सत्तेत जावं का?’ यावर आमच्याकडे अध्यक्ष स्वतः अर्धा तास बोलू शकतात, म्हणून अध्यक्षांना बोलायची संधी आधी द्या.

व्याख्यान संपलं की दोन रकान्यांचा कागद ग्रंथपालांकडे फाइलला लावायला द्या, तारखा कुठून ताडल्या ते मागच्या बाजूला लिहून. पुढच्या वक्त्याला चेन चू किंवा श्यू लू घ्यायच्या असतील तर उजवा रकाना तयार मिळेल, त्याला फक्त डावा भरायचा.